तरवड: अचूक ओळखण्यापासून बियांपासून वाढवण्यापर्यंत

तरवड ओळखायचा असेल तर फूल सर्वांत शेवटी बघा. पिवळ्याधमक झुडपापाशी पोचलं की नजर आपोआप फुलावर जाते आणि गफलत तिथेच होते, कारण तरवडाच्या निम्म्या गोतावळ्याची फुलं तशीच दिसतात: पाच मोकळ्या पाकळ्या, मधे वाकडेतिकडे पुंकेसर, हळदीचा रंग. त्यापेक्षा एखादं पान धरा आणि त्याच्या देठावरून बोट मागे फांदीपर्यंत न्या. देठ फांदीला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना एकेक रुंद, गोलसर, हिरवी पाळी फांदीला बिलगलेली दिसेल, अगदी कानाच्या पाळीसारखी. तिच्या एका कडेला बारीक शेपटीसारखं टोक निघालेलं असतं. या पाळीला उपपर्ण म्हणतात. इतर भावंडांची उपपर्णं दोऱ्यासारखी बारीक असतात आणि बहुतेकदा पान जून होण्याआधीच झडतात. तरवडाची रुंद असतात आणि टिकून राहतात. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली या झुडपाचं नामकरण करताना नेमकी हीच खूण पकडली. ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कान असलेली.

नावाचा पहिला भाग मात्र बदलला आहे. जुन्या पुस्तकांत ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ सापडेल, नव्या पुस्तकांत ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’. कॅसिया या अवाढव्य प्रजातीची अर्विन आणि बार्नबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ साली कॅसिया, सेन्ना आणि कॅमेक्रिस्टा अशा तीन प्रजातींत नीट वाटणी केली. बाहवा कॅसियात राहिला; तरवड, टाकळा, कासविंदा सेन्नात गेले. बियांच्या पुडीवर यांपैकी कुठलंही नाव असलं तरी झुडूप तेच.

तरवड कोरड्या मुलखातला आहे. दख्खनच्या पठारावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, मुरमाड उतारांवर, शेताच्या बांधांवर, रेल्वेमार्गाच्या कडेला तो आपसूक उगवतो. दक्षिणेत तमिळनाडूपर्यंत आणि पुढे श्रीलंकेत तो पसरलेला आहे. तमिळमध्ये त्याला आवारम म्हणतात, तेलुगूत तंगेडु, सिंहलीत रणवरा. २०१४ साली स्थापन झालेल्या तेलंगणाने त्यालाच राज्यफुलाचा मान दिला आणि तिथल्या बतुकम्मा सणात रचल्या जाणाऱ्या फुलांत तंगेडु असतोच. मुसळधार पावसाच्या पट्ट्यात तो तुरळक दिसतो. हे लक्षात ठेवा, कारण लागवडीतले जवळजवळ सगळे निर्णय याच एका गोष्टीवरून घ्यायचे आहेत.

पानापासून शेंगेपर्यंत

उपपर्ण सापडलं की पान पूर्ण बघा. ते पिसासारखं संयुक्त पान असतं, लांबी साधारण ८ ते १० सेंटिमीटर. त्यावर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, ८ ते १२ जोड्या असतात आणि टोकालाही जोडीच असते, एकटी पर्णिका नसते. प्रत्येक पर्णिका दोन-अडीच सेंटिमीटर लांब, लंबगोल, टोकाला बोथट, आणि त्या बोथट टोकावर सुईच्या अग्राएवढा काटा. हा काटा टोचत नाही, बोटाला फक्त जाणवतो. संध्याकाळी पर्णिका मिटतात, म्हणून ओळख पटवायला सकाळी किंवा दुपारी जा. मिटलेल्या पानात पुढची खूण दिसत नाही.

ती खूण म्हणजे ग्रंथी. पर्णिकांच्या जोड्या ज्या मधल्या कण्यावर बसतात, त्या कण्यावर प्रत्येक जोडीच्या मधोमध एक बारीक उभी ग्रंथी असते. साध्या डोळ्यांना ती ठिपक्यासारखी दिसते, भिंगातून छोट्या खुंटीसारखी. यातून गोड स्राव येतो, म्हणून कोवळ्या पानांवर मुंग्यांची ये-जा दिसते. मुंग्या दिसल्या म्हणून रोग समजून फवारणी करू नका. ग्रंथी जवळपास सगळ्या जोड्यांमधे आहेत की फक्त खालच्या एकदोन जोड्यांत, हे मोजून वहीत लिहा. भावंडं वेगळी काढताना हा आकडा फार उपयोगी पडतो.

आता फूल. फुलोरे फांद्यांच्या टोकांशी झुबक्यांनी येतात, एकेक फूल ४ ते ५ सेंटिमीटर रुंद. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात. त्यांत पराग नसतात. मधले आखूड, आणि खालचे दोन-तीन लांब, पुढे बाकदार, चोचीसारखे. त्यांच्यासोबत हिरवट, कमानीसारखं वाकलेलं बीजांडकोशाचं टोक पुढे आलेलं असतं. एकाच झुडपावरची दहा-बारा फुलं समोरून बघा: काहींत हे टोक डावीकडे वळलेलं असतं, काहींत उजवीकडे. ही विकृती नव्हे. डाव्या फुलातले पराग भुंग्याच्या अंगावर ज्या बाजूला लागतात, त्याच बाजूला उजव्या फुलाचं टोक टेकतं, आणि परागांची अदलाबदल होते.

या फुलात मध नसतो. परागकोशही सरसकट उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं असतात, मिठाच्या डबीला असतात तशी. छिद्रातून पराग बाहेर पाडायचे तर परागकोश थरथरवावे लागतात. काळे मोठे भुंगे, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या माश्या, फुलाला मिठी मारतात, पंख न हलवता छातीचे स्नायू कंप पावतात आणि पराग धुरळ्यासारखे उडतात. त्या क्षणी भुंग्याच्या नेहमीच्या गुणगुणीचा सूर एकदम चढतो. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला बहरलेल्या तरवडापाशी शांत उभे राहा, हा चढलेला सूर कानाला स्पष्ट ऐकू येतो. पेटीतल्या पाळीव मधमाश्यांना हे कंपन जमत नाही. त्यामुळे परिसरात वठलेली लाकडं, बांबूचे तुकडे, उघड्या मातीचे काठ अशी भुंग्यांची आणि जमिनीत घर करणाऱ्या माश्यांची ठिकाणं नसतील, तर तरवड फुलतो पण शेंगा कमी धरतो. शेंगा का लागत नाहीत असं विचारणाऱ्याला मी आधी आजूबाजूला वठलेलं लाकूड आहे का ते विचारते. खताचा विषय त्यानंतर.

शेंग चपटी, कागदासारखी पातळ, ७ ते ११ सेंटिमीटर लांब आणि दीड-दोन सेंटिमीटर रुंद. दोन बियांच्या मधे ती दबलेली असते, त्यामुळे बाहेरून आडव्या लाटा दिसतात. आत १२ ते २० बिया. वाळल्यावर शेंग फिकट तपकिरी होते आणि वाऱ्यावर खुळखुळते.

कुणाशी घोटाळा होतो

सर्वांत जास्त घोटाळा टाकळ्याशी होतो, आणि तो खरं तर सोडवायला सर्वांत सोपा आहे. टाकळा पावसाळ्यात येऊन वर्षभरात संपणारं रोप आहे. त्याला लाकडी खोड नसतं. पर्णिकांच्या जोड्या जेमतेम तीन, टोकाकडे रुंद. पान चुरगाळलं की उग्र दर्प येतो. शेंग लांब, बारीक, कोयत्यासारखी वाकलेली. तरवड झुडूप आहे, खोड लाकडी आणि साल तपकिरी, वर्षानुवर्षं उभं.

कासविंद्याकडे जास्त लक्ष द्या, कारण इथे चूक महागात पडते. त्याच्या पर्णिका चार ते सहा जोड्या, टोकदार. देठाच्या अगदी बुडाशी एकच गोल फुगीर ग्रंथी. शेंगेच्या मधून गडद तपकिरी पट्टा आणि कडा फिकट. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांमधे वर्षानुवर्षं उद्भवणाऱ्या, मेंदू, यकृत आणि स्नायूंवर एकदम आघात करणाऱ्या जीवघेण्या आजाराचं मूळ या बिया खाण्यात सापडलं. म्हणून ओळख न पटलेल्या झुडपाची शेंग मुलांच्या हाती देऊ नका, आणि बी गोळा करताना दोन्ही झुडपं शेजारी उभी असतील तर पिशव्या वेगळ्या ठेवून लगेच नाव लिहा.

रस्त्याकडेला लावलेला काशीद हा सरळ वृक्ष आहे, पाहताक्षणी कळतो. मात्र त्याचं एक-दोन वर्षांचं रोप चकवतं. त्याच्या पानाच्या कण्यावर ग्रंथी नसतात, एवढं पुरे. बागांमधे शोभेसाठी लावतात तो ‘सेन्ना सुरत्तेन्सिस’ जास्त फसवा आहे. पानं, फुलं, उंची सगळं तरवडाच्या जवळ जातं. तिथे ग्रंथी मोजा: त्याच्या फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांत असतात आणि उपपर्णं अरुंद असतात. भुईतरवड हे नाव सोनामुखीला वापरतात. नावात तरवड असलं तरी ती वेगळी जात आहे, पर्णिका टोकदार आणि शेंग आखूड, रुंद. खुळखुळ्याची फुलं पिवळी असली तरी वाटाण्याच्या फुलासारखी असतात, एक मोठी पाकळी मागे उभी आणि पुढे होडी. तरवडाच्या फुलात अशी होडी नसते.

उपपर्ण, ग्रंथी, पर्णिकांची टोकं, शेंग या चारही खुणा जुळल्या तरच तरवड म्हणा. तीन जुळून एक जुळत नसेल तर बी घेऊ नका. शेंगा धरेपर्यंत थांबा.

बी कुठून आणि कसं घ्यायचं

रानातून रोप उपटून आणण्याचा विचार सोडून द्या. तरवडाचं सोटमूळ लवकर खोल जातं. हातभर उंचीच्या रोपाचं मूळही मुरमात त्याहून खोल शिरलेलं असतं, आणि उपटताना ते तुटतंच. तुटलेल्या मुळाचं रोप आठवडाभर हिरवं दिसून वाळतं. तरवड लावायचा तो बियांपासून.

मुख्य बहर पाऊस ओसरल्यावर येतो आणि शेंगा हिवाळ्यात पिकत जातात, तरी एकाच झुडपावर फुलं आणि वाळल्या शेंगा बरोबरच दिसू शकतात. शेंग पूर्ण तपकिरी झाली, दाबल्यावर कुरकुरली, तरच तोडा. हिरवट शेंगेतलं बी वाळवलं की सुरकुततं. किमान दहा-बारा वेगवेगळ्या झुडपांवरून थोडं थोडं घ्या आणि कुठल्याही झुडपावरच्या निम्म्याहून जास्त शेंगा तशाच राहू द्या. एकाच झुडपाचं बी घेतलं तर तुमची सगळी रोपं एकमेकांची सख्खी भावंडं होतात, आणि पुढे एकच कीड किंवा एकच दुष्काळ सगळ्यांना सारखा झोडपतो.

घरी आणल्यावर शेंगा कागदावर दोन-तीन दिवस उन्हात पसरा, हाताने चुरा, पाखडा. मग एकेक बी बघा. गुळगुळीत कडेचं गोल भोक असलेलं बी भुंगेऱ्याने आतून खाल्लेलं असतं. ही कीड शेंग झाडावर असतानाच शिरते. भोकाचं बी टाकून द्याच, शिवाय राहिलेलं बी काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवून पुन्हा तपासा, कारण आत अजून अळी असलेलं बी बाहेरून निरोगी दिसतं. बरणीत बारीक भुसा किंवा भुंगेरे दिसले तर बी लगेच वेगळं काढा. निरोगी बी कोरड्या बरणीत, सावलीत बरीच वर्षं टिकतं, आणि टिकण्याचं कारण तेच आहे ज्यामुळे ते सहज रुजत नाही.

टणक कवच

तरवडाच्या बियांच्या कवचात काड्यांसारख्या पेशींचा घट्ट थर उभा रचलेला असतो आणि त्यातून पाणी आत जात नाही. आतला अंकुर जिवंत असतो, फक्त त्याला पाणी मिळत नाही. रानात ऊन-थंडीचे फेरे, माती-दगडांची घासण आणि सूक्ष्मजीव हे कवच हळूहळू झिजवतात. म्हणून एकाच वर्षीचं बी दोन, तीन, चार पावसाळ्यांत तुकड्यातुकड्याने उगवतं. पहिला पाऊस दगा देऊन गेला तरी सगळी पिढी मरत नाही, मागे राहिलेलं बी पुढच्या वर्षी उगवतं. कोरड्या प्रदेशात टिकलेल्या झुडपाची ही तजवीज आहे. आपल्याला मात्र यंदाच रोपं हवी असतात, तर कवच आपणच उघडावं लागतं.

कमी बिया असतील तर घासणं उत्तम. बी बोटांत धरा, त्याच्या एका कडेला बारीक टिंबासारखी खूण असते, ती शेंगेला चिकटण्याची जागा. अंकुराचं मूळ त्याच बाजूला असतं, म्हणून ती बाजू सोडून उलट बाजू पॉलिश पेपरवर चार-पाच वेळा घासा. गडद कवचाखालचा फिकट रंग दिसला की थांबा. मग साध्या पाण्यात रात्रभर भिजवा.

शेकड्याने बिया असतील तर गरम पाणी. पाणी उकळा, भांडं आचेवरून उतरवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग बियांवर ओता. पाणी बियांच्या पाचपट तरी हवं. पाणी तसंच थंड होऊ द्या आणि बी १२ ते २४ तास त्यातच राहू द्या. आचेवर ठेवून बी उकळायचं नाही, त्यात अंकुर शिजतो. पहिल्यांदा करत असाल तर सगळं बी पणाला लावू नका: २० बिया घेऊन करून बघा. सकाळी किती फुगल्या ते मोजा. फुगलेलं बी दुप्पट दिसतं, कवच मऊ होतं. १२-१४ फुगल्या तर पद्धत जमली. पाच-सहाच फुगल्या असतील तर उरलेल्या टणक बियांना पुन्हा गरम पाणी द्या, किंवा त्या घासून घ्या. फुगून वर तरंगणाऱ्या, बोटाने दाबल्यावर पचकणाऱ्या बिया पोकळ असतात, काढून टाका.

फुगलेलं बी परत वाळू देऊ नका. त्याच दिवशी पेरा. उघडलेल्या कवचाचं बी कोरडं पडलं की ते मेलंच. हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरी एका वर्षी पाऊस लांबला म्हणून भिजवलेलं बी मी सुपात पसरून ठेवलं आणि त्यातलं एकही उगवलं नाही. तेव्हापासून जमीन तयार झाल्याशिवाय बी भिजवत नाही.

जमिनीत थेट की पिशवीत

जागा तुमची असेल आणि पावसाळा तोंडावर असेल तर थेट पेरणीच करा. सोटमूळ पहिल्या दिवसापासून हवं तिथे हवं तेवढं खोल जातं, आणि पुढच्या उन्हाळ्यात याचा फरक डोळ्यांना दिसतो. थेट पेरलेलं रोप पिशवीतल्यापेक्षा सहा महिने बुटकं राहतं, पण नंतर तेच पुढे जातं. मोठा खड्डा खणायची गरज नाही. वीतभर रुंद जागा वीतभर खोल मोकळी करा, तण काढा आणि चांगला पाऊस होऊन माती किमान वीतभर ओलावली की प्रत्येक जागी चार बिया पेरा: तीन भिजवून फुगवलेल्या आणि एक तशीच टणक. पाऊस उघडला आणि फुगलेल्या तीन रुजून वाळल्या, तर चौथी पुढे कधीतरी उगवेल. रानाची तीच तजवीज आपणही वापरायची. खोली एक ते दीड सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. वर सुक्या गवताचं पातळ आच्छादन.

पिशवीत करायचं तर पिशवी उंच आणि अरुंद घ्या, २० ते २५ सेंटिमीटर तरी खोल. बुटक्या पिशवीत मूळ तळाशी गोल फिरतं आणि जमिनीत लावल्यावरही ते तसंच वेटोळं राहतं. तीन-चार वर्षांनी असं झुडूप वाऱ्याने कलतं. माती हलकी हवी: दोन भाग मुरूम-माती, एक भाग वाळू, मूठभर कुजलेलं शेणखत. शेणखत जास्त झालं की रोप भरभर वाढतं, खोड नाजूक राहतं आणि बुडाशी सडतं. प्रत्येक पिशवीत दोन बिया. उगवण साधारण ५ ते १५ दिवसांत. आधी दोन जाडसर गोल बीजपत्रं वर येतात, मग पिसासारखी पानं. रोपवाटिकेत टाकळा, कासविंदाही आपसूक उगवतात. कानाची पाळी दिसेपर्यंत रोप कुणाचं ते ठरवू नका आणि उपटूही नका.

पहिले दोन आठवडे अर्धी सावली, नंतर पूर्ण ऊन. पिशवीच्या तळाच्या भोकातून मूळ डोकावलं की रोप जमिनीत जायला तयार. उंचीवरून ठरवू नका, मुळावरून ठरवा. पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गोळा फुटू देऊ नका.

जागा आणि अंतर

ऊन दिवसभर हवं. सावलीत तरवड जगतो, लांब वाढतो, फुलत मात्र नाही. मुरमाड, रेताड, चुनखडीची, हलकी काळी अशी कुठलीही जमीन चालते, अट एकच: पाणी साचता कामा नये. भारी काळ्या मातीत लावायचा तर मातीचा हातभर उंच गादीवाफा किंवा बांध करून त्यावर लावा. पावसाळ्यात दोन-तीन दिवस बुडाशी पाणी उभं राहिलं तर मुळं गुदमरून कुजतात, आणि पानं पिवळी पडलेली दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

मोकळं झुडूप हवं असेल तर दोन रोपांत दीड ते दोन मीटर. कुंपणासाठी ४५ ते ६० सेंटिमीटर, आणि दोन ओळी केल्या तर दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधे. जनावरं तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ माळावर सगळं फस्त होतं तिथेही तो उभा दिसतो आणि कुंपणालाही म्हणूनच चांगला. रोप लहान असताना मात्र तुडवलं जाण्याचा धोका आहेच. पहिल्या वर्षी काटेरी फांद्यांचा आडोसा करा.

जिथे नैसर्गिक गवताळ माळ शाबूत आहे, चंडोल आणि तितर गवतात घरटी करतात, तिथे तरवडाची दाट लागवड करू नका. तिथे तुरळक तरवड आधीच असतो आणि तेवढाच योग्य असतो. उजाड झालेला उतार, खाणीचा ढिगारा, रस्त्याची भरावकड, शेताचा बांध ही लागवडीची खरी ठिकाणं.

गाठींचा गैरसमज

शेंगवर्गीय म्हणजे मुळांवर गाठी, गाठी म्हणजे हवेतला नत्र जमिनीत, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे. भुईमूग, तूर, ताग यांच्या बाबतीत ते खरं आहे. तरवडाच्या मुळांवर गाठी येत नाहीत. सेन्ना प्रजातीत साधारण असंच आहे. म्हणून बियांना गाठी धरवणाऱ्या रायझोबियम जिवाणूंचं संवर्धक चोळण्यात पैसे घालवू नका, आणि फळबागेत नत्रासाठी म्हणून तरवड लावत असाल तर त्याऐवजी दुसरं झाड निवडा. त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून शेतात टाकतात, ते उपयोगाचं आहे. पण तो नत्र तरवडाने हवेतून आणलेला नसतो, खोल मुळांनी खालच्या थरातून वर आणलेला असतो. खोल माती असेल तिथे त्याचा फायदा होतो, वीतभर मातीखाली कातळ असेल तिथे फारसा नाही.

पहिलं वर्ष आणि नंतर

पहिल्या पावसाळ्यात एकच काम नेमाने करा: खुरपणी. रोपाभोवती हातभर जागा तणमुक्त ठेवा, कारण कोवळा तरवड गवताच्या सावलीत मागे पडतो. पाऊस संपल्यावर पहिल्या हिवाळ्या-उन्हाळ्यात १०-१५ दिवसांतून एकदा भरपूर पाणी द्या, असं की ओल हातभर खाली जाईल. रोज तांब्याभर पाणी घालण्याने मुळं वरच राहतात आणि पाणी थांबलं की रोप मान टाकतं. उन्हाळ्यात पानं गळली तर घाबरू नका. खोडावर नखाने हलकं खरवडा, आत हिरवं असेल तर रोप जिवंत आहे. दुसऱ्या वर्षापासून कोरड्या भागातही पाणी देण्याची गरज सहसा उरत नाही. खत देऊच नका. खताने पानं माजतात, फुलं कमी होतात.

बियांपासून केलेला तरवड बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतो. फुलं नव्या फुटीच्या टोकांना येतात, म्हणून छाटणी मुख्य बहर आणि शेंगा संपल्यावर, पावसाच्या आधी करा. एक तृतीयांश उंची कमी केली की पावसात दाट फूट येते. पावसाळ्याच्या शेवटी छाटलं तर त्या वर्षीचा बहर गेला. जुनं, बुडाशी बोडकं झालेलं झुडूप जमिनीपासून वीतभरावर तोडलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. कुंपण सात-आठ वर्षांनी विरळ झालं की हाच उपाय करा, पण एकाआड एक झुडूप तोडा, म्हणजे मधल्या काळात आडोसा राहतो आणि भुंग्यांचं अन्नही तुटत नाही.

साल सोलण्याबद्दल एक विनंती. तरवडाच्या सालीत टॅनिन हे कातडी कमावण्याचं तुरट द्रव्य भरपूर असतं आणि दक्षिण भारतात कातडी कमावण्यासाठी ती पिढ्यानपिढ्या वापरली गेली; पुढे दक्षिण आफ्रिकेतली वॉटल या बाभळीसारख्या झाडाची साल आली आणि तिचं महत्त्व ओसरलं. कुणाला रंगकामासाठी किंवा कातडीकामासाठी साल हवी असेल तर उभ्या झुडपाची सोलू नका. खोडाभोवती साल निघाली की वरचा भाग मरतो. छाटणीत निघालेल्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्यांची साल ओली असतानाच सहज सुटते, तीच वापरा. औषध म्हणूनही तरवडाची फुलं आणि साल वापरात आहेत. मधुमेहाची औषधं चालू असलेल्या कुणीही ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

किडींचं फार नाही. पानं कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या दिसल्या तर त्या बहुधा फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, ज्यांचं बालपण तरवड-टाकळ्याच्या गोतावळ्यावरच जातं. मोठ्या झुडपाची सगळी पानं खाल्ली तरी दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी येते. फवारणी केली तर फुलपाखरं जातात, मुंग्या जातात आणि ज्यांच्यावाचून शेंग धरत नाही ते भुंगेही जातात. वीतभर उंचीच्या रोपावर मात्र अळ्या हाताने उचलून शेजारच्या मोठ्या झुडपावर किंवा टाकळ्यावर सोडा. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात झुडपाच्या खाली, शेंगा फुटून पडलेल्या जागी बारीक रोपं दिसायला लागतील. त्यांच्या उपपर्णांच्या पाळ्या तपासा, तरवडाचीच असतील तर हव्या त्या जागी असलेल्यांना बाजूला काडी रोवून खूण करा आणि बाकीची बोटभर उंचीची असतानाच, पाऊस चालू असताना, मातीच्या ढेकळासकट हलवा. त्याहून मोठी झाली की ती जिथे आहेत तिथेच राहू द्यावी लागतात.